स्वस्तात हरलेले बोर्ड

कॅरम स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीचा तक्ता लागला आणि बहुतेक प्रेक्षक चार नंबरचा बोर्ड सोडून दोन नंबरभोवती जाऊन बसले. चार नंबरवर मुंबईचा एक मानांकित खेळाडू होता, समोर दापोलीकडचा मानांकन नसलेला मुलगा. पंच म्हणून तो सामना माझ्याकडे होता. रत्नागिरी जिल्ह्याला कॅरम नवे नाही. रियाज अकबर अली, आकांक्षा कदम हे कॅरमपटू इथलेच. इथला प्रेक्षक जाणकार आहे, त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. पहिल्या गेमपुरता तो चुकलाही नाही.

सरावाचे दोन ट्रायल बोर्ड झाले, टॉस मुंबईकराने जिंकला, ब्रेक घेतला, म्हणजे पांढऱ्या सोंगट्या घेऊन पहिला फटका, आणि पहिल्याच बोर्डाला, म्हणजे डावाला, व्हाईट स्लॅम. हात न सोडता नऊ पांढऱ्या आणि राणी. समोरच्याच्या नऊ काळ्या जागेवरच, म्हणजे 9 अधिक राणीचे 3, एकूण 12 गुण. दुसरा बोर्ड मुलाने 5 गुणांनी घेतला, तिसऱ्यात 11 दिले, चौथ्यात गेमच्या 25 ला उरलेले 2. 25-5. मी गुणपत्रकावर सह्या घेत होतो तेव्हा मुलगा पाणी प्यायलाही उठला नाही. रिकाम्या बोर्डावर त्याने तळहात फिरवला, आधी मध्यभागी, मग चारही पॉकेटांजवळ.

त्याला काय शोधायचे होते ते कोकणातल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. बाहेर पाऊस लागलेला होता. या दिवसांत प्लायवूड ओल धरते. बोर्ड हाताला गुळगुळीत लागतो, पण सोंगटी शेवटच्या वीतभर अंतरात दम टाकते. पूर्वी बोर्डावर टोपीतला पिवळा बल्ब टांगलेला असायचा, त्याच्या उष्णतेने फळी सुकी राहायची. आता एलईडी आले. उजेड उत्तम, ऊब अजिबात नाही. मग बोरिक पावडर जास्त ओतायचा मोह होतो, आणि तिथेच बिघडते. जादा पावडर सोंगटीच्या वाटेत साचते आणि हळू चाललेली सोंगटी सरळ रेषा सोडते. चिमूटभर पावडर, ती सगळीकडे सारखी पसरलेली, एवढेच पुरते. त्या दिवशी चार नंबरचा बोर्ड खिडकीच्या बाजूला होता आणि दुपारपर्यंत चांगलाच जड झाला होता.

दुसऱ्या गेममध्ये मुलाने दोन फ्रेम, म्हणजे कडेच्या पट्ट्या, घेऊन येणारे रिबाउंड बंदच केले. जड बोर्डावर प्रत्येक फ्रेमला वेग मरतो आणि सोंगटी अपेक्षेपेक्षा अलीकडे उतरते. ट्रायलमध्ये बसलेला कोन तासाभराने बसत नाही. पातळ कट, म्हणजे सोंगटीला जेमतेम कडेने लागणारे शॉटही त्याने टाळले, कारण पातळ कटात सोंगटीला मुळातच थोडा वेग मिळतो आणि ओल तोही खाते. जाड लागणारे, सरळ, जवळचे शॉट. जिथे घेण्यासारखे काही नव्हते तिथे तो आपली सोंगटी पॉकेटाच्या तोंडावर नेऊन ठेवायचा. ही चाल बघणाऱ्याला भित्री वाटते, पण ती फार मोलाची आहे. समोरच्याने ते पॉकेट वापरायला जाऊन चुकून तुमचीच सोंगटी आत घातली तर ती तुमच्या हिशोबात जाते, आणि त्याची स्वतःची गेली नसेल तर हातही जातो. म्हणजे चारपैकी एक पॉकेट त्याच्यासाठी जवळजवळ बंद. मुंबईकर मात्र वेगवान बोर्डाच्या सवयीने खेळत राहिला. आठ बोर्डांनंतर 18-15, गेम मुलाचा.

तिसऱ्या गेमचे गुणपत्रक मी आजही नव्या पंचांना समजावून सांगतो. ब्रेक आळीपाळीने असतो. विषम बोर्ड मुंबईकराचे, सम बोर्ड मुलाचे. ज्याचा ब्रेक त्याचाच बोर्ड, असे शेवटपर्यंत चालले. 8-0, 8-4, 17-4, 17-12. फरक पडला तो पाचव्या बोर्डापासून.

पाचव्यात मुलाच्या चार काळ्या शिल्लक होत्या, मुंबईकराच्या तीन पांढऱ्या, राणी बोर्डावर. हात मुलाचा. चार काळ्या आणि राणी एका हातात निघणार नाहीत, हे त्याने ओळखले. बोर्ड जाणार हे धरून त्याने फक्त राणी घेतली, लगेच एक काळी घालून ती कव्हर, म्हणजे पक्की केली, आणखी एक काळी घेतली आणि पुढच्या शॉटला तिसरी पॉकेटाच्या तोंडावर लावून ठेवली. बोर्ड मुंबईकराने जिंकला, पण 2 गुणांनी. राणी हरणाऱ्याने कव्हर केली असेल तर तिचे 3 कुणालाच मिळत नाहीत. मुलगा बोर्ड जिंकायच्या नादाला लागला असता तर 4 आणि 3 मिळून 7 गेले असते आणि धावफलक 24-12 झाला असता. झाला 19-12. सहावा मुलाने राणीसकट 7 ने घेतला, 19-19. सातव्यात पुन्हा तेच, राणी मुलाकडे, बोर्ड मुंबईकराकडे, एका गुणाने. 20-19. ब्रेक टू फिनिशला, म्हणजे ब्रेकपासून एकाच हातात संपवलेल्या बोर्डाला, टाळ्या पडतात. एक गुण देऊन हरलेल्या बोर्डाला कुणी टाळ्या वाजवत नाही. मला तो सातवा बोर्ड त्या स्लॅमइतकाच अवघड वाटतो.

आठवा बोर्ड शेवटचा. 25 झाले नाहीत तरी आठव्यानंतर जो पुढे तो जिंकला. एव्हाना दोन नंबरवरची माणसे इकडे येऊन उभी होती. एक वेळ अशी आली की मुंबईकराची एक काळी, मुलाच्या तीन पांढऱ्या आणि राणी उरली, हात मुंबईकराचा. त्याने राणी सुरेख घेतली. कव्हरसाठी काळी पातळ कटने लांबच्या पॉकेटात मारली, आणि ती तोंडाशी येऊन थांबली. कव्हर नाही, म्हणून राणी मी परत मध्यभागी ठेवली.

ती काळी आता मुलाच्या उजव्या हाताच्या पॉकेटावर बसली होती, ते पॉकेट त्याला वर्ज्य. राणी कव्हर झाल्याशिवाय बोर्ड जिंकता येत नाही, म्हणून आधी राणी हवीच. एक पांढरी त्याने समोरच्या डाव्या पॉकेटात घेतली. मग स्ट्रायकर डाव्या बेस सर्कलवर. हे वर्तुळ पूर्ण झाकायचे किंवा अजिबात शिवायचे नाही, अर्धवट टेकला तर फाउल; मी वाकून पाहिले, पूर्ण झाकले होते. तिथून मध्यावरची राणी समोरच्या उजव्या पॉकेटाला जवळजवळ सरळ येते. धोका वेगळाच असतो. 15 ग्रॅमचा स्ट्रायकर 5 ग्रॅमच्या सोंगटीवर सरळ बसला तर थांबत नाही, तिच्या मागोमाग चालू लागतो, आणि 4.13 सेंटीमीटरचा स्ट्रायकर 4.45 सेंटीमीटरच्या पॉकेटात आरामात जातो. मुलाने जोर अर्धा केला. राणी गेली, स्ट्रायकर पॉकेटाच्या चार बोटे अलीकडे थांबला. पहिल्या गेममध्ये हीच ओल त्याला नडली होती.

उजव्या फ्रेमला चिकटलेली पांढरी फ्रेमसरशी नेऊन त्याने कव्हर दिले. शेवटची बेसलाइनच्या मागे, डाव्या पॉकेटाजवळ होती, ती अंगठ्याने. पंधरा सेकंदांपैकी बरीचशी त्याने बोट स्थिर करण्यात घालवली. 1 आणि 3, 23-20.

उपांत्य सामना संध्याकाळी हॉलच्या मधल्या बोर्डावर झाला. तिथे जुने बल्ब होते, फळी सुकी आणि वेगवान. मुलाचा दुपारचा जोर तिथे जास्त होऊ लागला, सरळ शॉटला दोनदा स्ट्रायकर पॉकेटात गेला आणि प्रत्येक वेळी एक सोंगटी ड्यू, म्हणजे दंड म्हणून बाहेर आली. वेग सापडेपर्यंत तीन बोर्ड गेले, आणि तेवढ्यात समोरच्याने 19 गुण करून घेतले होते.