कळसूबाईवर एप्रिलमधला एक दिवस: लहान रेडिओ सेटला कवच, सावली आणि पंखा

एप्रिलच्या मध्यावर कळसूबाईवर भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. १६४६ मीटर उंचीवर हवा पायथ्याच्या बारी गावापेक्षा काही अंशांनी थंड असली, तरी काळ्या कवचाच्या सेटला तो फरक जाणवत नाही. या फेरीत हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा २० वॅटचा शिएगू जी९० होता. सेट २१ बाय १२ सेंटिमीटरचा, जाडी साडेचार सेंटिमीटर, वजन साधारण एक किलो आणि आत पंखा नाही. वर ४० आणि २० मीटर बँडवर (७ आणि १४ मेगाहर्ट्झ) चार तास काम करायचं होतं, त्यातलं बरंचसं एफटी८वर, म्हणजे संगणकाने छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीवर. म्हणून सेटचं कवच आणि थंडावा या दोन्हींची तयारी घरूनच करून नेली होती. उन्हाळ्यात सह्याद्रीत सेट घेऊन जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सेटच्या बचावासाठी घेतलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्याच्यावर टाकलेली गोधडीच असते. फोमची पिशवी, सिलिकॉनचं आवरण, कापडी कव्हर हे सगळं धक्का खातं आणि उष्णताही आतच धरून ठेवतं. त्यामुळे कवच दोन प्रकारचं करावं. चढताना अंगावर असणारं आणि वर पोचल्यावर पूर्ण काढता येणारं, हा पहिला प्रकार. सेटवर कायम राहणारं पण हवा न अडवणारं, हा दुसरा. या दोन्हींच्या मधलं काहीही नेऊ नये.

चढताना लागणारं कवच म्हणजे २५ बाय १५ बाय ८ सेंटिमीटरच्या आसपासचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. आत ८ ते १० मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम लावला. जुन्या योगा मॅटचे तुकडेही चालतात. पाण्यावर तरंगणाऱ्या कडक पेट्या चांगल्या असतात, पण पेटीचंच वजन किलोभर भरतं. शिड्या चढायच्या असतील तर ते परवडत नाही. फोम कापताना बटणांच्या समोर पोकळी सोडायची. मोठ्या डायलच्या दांड्यावर दाब आला की एन्कोडर (डायलचं फिरणं ओळखणारा भाग) आतून ढिला होतो आणि मग फ्रिक्वेन्सी आपोआप उड्या मारते. सेटचा भार नेहमी चार कडांवर यावा, बटणांवर कधीच नाही.

कायमचं कवच म्हणजे दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, बटणांच्या पुढे १५ मिलिमीटर निघणारी. सेट तोंडावर पडला तरी आधी पट्ट्या टेकतात. पट्ट्या कवचाच्या मूळ स्क्रूंच्या जागीच बसवाव्यात, नवं भोक पाडू नये. इथे एक चूक हमखास होते. पट्टीची जाडी वाढली म्हणून लांब स्क्रू घेतला जातो आणि तो आतल्या बोर्डाला टेकतो. मूळ स्क्रू काढून मोजायचा, त्यात पट्टीची जाडी मिळवायची आणि तेवढ्याच लांबीचा स्क्रू घ्यायचा. अर्धा मिलिमीटर कमी चालेल, जास्त नको. अ‍ॅल्युमिनियम कवचाला थेट चिकटून असल्यामुळे ते थोडी उष्णता ओढूनही घेतं.

समोरच्या पॅनेलवर लावायची थ्रीडी प्रिंटरवरची झाकणं छान दिसतात, पण ती पीएलए या प्लास्टिकची असतील तर गाडीत ठेवू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हाळ्यात तेवढं तापमान सहज होतं. झाकण एकदा वाकलं की पुन्हा बसत नाही. बसवायची जबरदस्ती केली तर बटणांवर दाब येतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० अंशांपर्यंत टिकतं, एएसए त्याच्याही पुढे. छापून घेताना मालाचं नाव विचारून घ्यावं.

आता उन्हाचा हिशेब. सेटच्या वरच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ साधारण २५० चौरस सेंटिमीटर. भरदुपारी स्वच्छ आकाशात दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडतं, म्हणजे सेटच्या पाठीवर जवळपास २५ वॅट. काळा रंग त्यातलं बहुतेक शोषून घेतो. दुसरीकडे, एफटी८वर १० वॅट पाठवताना सेट १३ व्होल्टला साधारण ४ अँपिअर ओढतो, म्हणजे ५२ वॅट. त्यातले ४२ उष्णता होतात. मात्र एफटी८मध्ये दर ३० सेकंदांत १२.६४ सेकंदच प्रसारण असतं. सरासरी काढून त्यात ऐकण्याचा खर्च मिळवला की आकडा येतो २१-२२ वॅट. म्हणजे उघड्यावर ठेवलेल्या सेटला सूर्य तेवढीच उष्णता देतो जेवढी तो स्वतः तयार करतो. पंखा आणि हीटसिंकवर (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या फासळ्या) पैसे घालण्याआधी सावली करा, असं आग्रहाने सांगायचं ते यासाठी.

छत्री शिखरावरच्या वाऱ्यात टिकत नाही. कामी आली ती पांढरी सनपॅक शीट, निवडणुकीच्या फलकांना वापरतात तीच. ३५ बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा कापून, चार कोपऱ्यांत भोकं पाडून, जाड तारेच्या चार पायांवर सेटच्या वर ६-७ सेंटिमीटरवर उभा केला. शीट सेटला टेकता कामा नये. मधून वारा वाहिला तरच तिचा उपयोग. दोन पायांना दगड बांधावेत. सावलीत एलसीडीही वाचता येतो. थेट उन्हात तापून तो काळवंडतो, थंड झाल्यावर पूर्ववत होतो, त्यामुळे घाबरून सेट उघडू नये.

सेट कशावर ठेवला हेही तितकंच महत्त्वाचं. स्लीपिंग मॅटवर ठेवला तर खालची बाजू गुदमरते. सकाळपासून तापलेल्या कातळावर ठेवला तर कातळच सेटला शेकतो. खाली १२ मिलिमीटर उंचीचे चार रबरी पाय आणि त्याखाली लाकडाची पातळ फळी ही जोडी चांगली. पुढची बाजू थोडी उचलून ठेवली तर खालची हवा वर सरकत राहते.

पंख्यासाठी ६० मिलिमीटरचा, १५ मिलिमीटर जाड, १२ व्होल्टचा, बॉल बेअरिंगचा पंखा घ्या. साध्या बुशचा पंखा धुळीत लवकर घासून आवाज करू लागतो. सेटचा सगळ्यात गरम भाग आधी शोधावा लागतो. अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती जिरवणारा रेझिस्टर) लावून ५ वॅटवर पाच मिनिटं थांबून थांबून प्रसारण करायचं आणि कवचावर ठिकठिकाणी तापमान बघायचं. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर भलतंच कमी दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोख धरायचा. थर्मामीटर नसेल तर तळहात पुरतो. दोन सेकंदांत हात काढावासा वाटला की कवच ५५ ते ६० अंशांच्या घरात आहे, आणि आतले फायनल, म्हणजे प्रसारणाची शक्ती देणारे शेवटचे ट्रान्झिस्टर त्याहून बरेच गरम असतात.

त्या गरम जागेवर १ मिलिमीटरचा थर्मल पॅड, त्यावर १० बाय ६ सेंटिमीटरचं फासळ्यांचं हीटसिंक, आणि हीटसिंकवर फुंकणारा पंखा. हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या एल-पट्टीच्या चौकटीत बसवलं. चौकट आधीच्याच बाजूपट्ट्यांना अडकते. चिकटपट्टीचं वेल्क्रो इथे वापरू नका, उष्णतेने गोंद पातळ होतो आणि पंखा मधेच घसरतो. पंखा खाली येत असेल तर त्याच्या खाली किमान २० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, नाहीतर त्याला ओढायला हवाच मिळत नाही. तोंडाला नायलॉनच्या जुन्या मोज्याचा एकच पदर ताणून लावला. जाड फोमचा फिल्टर हवेचा ओघ फार कमी करतो.

पंख्याला ४७ ओहमचा १ वॅट रेझिस्टर सिरीजमध्ये दिला. पंखा ०.०८ अँपिअर ओढतो असं धरलं तर रेझिस्टरवर पावणेचार व्होल्ट जातात. आवाज निम्म्याने उतरतो आणि पूर्ण चार्ज बॅटरीच्या वाढीव व्होल्टेजपासून पंखा वाचतो. चालू-बंद करायला केएसडी९७०० हा चपटा थर्मल स्विच, नेहमी उघडा राहणारा, म्हणजे तापल्यावरच वीज जोडणारा प्रकार. इथे निवड नीट करा. हे स्विच ज्या तापमानाला वीज जोडतात, त्याहून साधारण १५ अंशांनी खाली गेल्यावरच ती पुन्हा तोडतात. ४५ अंशांचा घेतला तर तो ३० अंशांपर्यंत जोडलेलाच राहतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कवच ३०वर येतच नाही, म्हणजे पंखा दिवसभर फिरत राहतो. ५५ अंशांचा घेतला तर तो ४०च्या आसपास सुटतो. शेजारी एक साधा स्विच समांतर जोडून ठेवावा, म्हणजे हवा तेव्हा हाताने पंखा सुरू करता येतो.

पंख्याची मोटर रेडिओत खरखर आणते. पंख्याच्या टोकांवर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि दोन्ही वायरी मिळून एफटी३७-४३ या फेराइटच्या रिंगवर आठ ते दहा वेढे, एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. वेग कमी करायला पीडब्ल्यूएमची छोटी मॉड्यूलं किंवा बक कन्व्हर्टर (वीज भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारे) वापरू नका. त्यांचा गोंगाट ४० मीटरवर ठळक दिसतो. घरीच अँटेना लावून ७ मेगाहर्ट्झवर पंखा चालू-बंद करून पडद्यावरचा वॉटरफॉल (सिग्नल आणि गोंगाट दाखवणारा आलेख) बघावा. शिखरावर गेल्यावर हा दोष शोधायला वेळ नसतो.

बॅटरी १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तास लिथियम आयर्न फॉस्फेटची. वरच्या हिशेबाने सरासरी २ अँपिअर खर्च, म्हणजे सतत प्रसारण करत हाक मारली तर तीन तास. ऐकण्यात वेळ गेला तर चार-पाच. पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीला लागूनच १० अँपिअरचा फ्यूज आणि पंख्याच्या बारीक वायरीला वेगळा १ अँपिअरचा. वायर २.५ चौरस मिलिमीटरची. ०.७५ची दीड मीटर वायर ६ अँपिअरला ०.४ व्होल्टहून जास्त खाते. बॅटरीची टोकं झाकून न्या. वाटेत लोखंडी शिड्या आहेत.

मुंबईकडून येणाऱ्यांना कसारा, तिथून घोटीमार्गे बारी, आणि पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूरमार्गे बारी. पहाटे साडेचारला चालायला लागलात तर सामानासह साडेसात-आठपर्यंत माथ्यावर पोचता येतं. शिड्यांवर वळताना पाठीवरची सॅक कठड्याला आपटते, म्हणून सेटचा डबा सॅकच्या मधोमध, कपड्यांच्या घडीत, सेटचं तोंड आपल्या पाठीकडे. बाहेरच्या खिशात सेट कधीच ठेवू नका. अँटेनाचा टेलिस्कोपिक खांब बंद केला तरी मीटरभर उरतो आणि डोक्यावरून शिडीच्या दांड्यात अडकतो. शिडीपाशी तो हातातून हातात द्यावा.

माथ्यावर झाडं नाहीत आणि देवळाभोवती शनिवार-रविवारी गर्दी असते. मधल्या वारी जावं. खांबाला उलट्या व्ही आकाराची तारेची अँटेना, तारांची टोकं अडीच मीटरच्या वर आणि टोकांना रंगीत फित, म्हणजे कोणाच्या हाताला तार लागत नाही. कोक्स, म्हणजे अँटेनाची केबल, सेटच्या मागच्या जोडाला सरळ लावू नका. ३० सेंटिमीटरची मऊ आरजी-५८ची पुरवणी लावून मुख्य कोक्स फळीला बांधा. कोणी पाय अडकवला तर फळी ओढली जाते, सेटचा जोड वाचतो. अँटेनाचं ट्यूनिंग कमी शक्तीवर करा. परवान्याची प्रत सोबत ठेवा, येणारेजाणारे विचारतातच.

सकाळी दहापर्यंत वारा इतका होता की पंखा लागलाच नाही. सेटची लांब बाजू वाऱ्याला आडवी करून ठेवली की पुरतं. साडेअकराला वारा पडला आणि १० वॅट एफटी८वर पंखा सुरू झाला. शक्ती २० वॅट केली तर काय, हा प्रश्न येतोच. समोरच्याला त्याने ३ डीबी, म्हणजे सिग्नलच्या मापावर अर्धा एस-पॉइंट जास्त मिळतो. उष्णतेचा हिशेब मात्र दुपटीचा नाही. २० वॅटला सेट साधारण ६ अँपिअर ओढतो, सरासरी उष्णता २१वरून २८ वॅटच्या आसपास जाते, कारण कमी शक्तीवर फायनलची कार्यक्षमताही घटते. तरीही उन्हात १० वॅटच बरे. एफटी८ला ते पुरतात आणि बॅटरी तासभर जास्त चालते. आवाजाच्या संभाषणात सरासरी शक्ती कमी असल्याने २० वॅट लावायला हरकत नाही.

एक वाजायच्या आत खांब उतरवा. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारनंतर भराभर वाढतात आणि उघड्या शिखरावर धातूचा खांब धरून थांबण्यासारखा धोका नाही. पश्चिमेला ढगाची फुलकोबी दिसू लागली की कोक्स आधी सेटपासून काढायचा आणि मग बाकीची आवराआवर.

शेवटच्या प्रसारणानंतर सेट दहा मिनिटं पंख्याखाली तसाच चालू ठेवा आणि मगच डब्यात घाला. गरम सेट फोममध्ये बंद केला तर उष्णता तासभर आतच राहते. डब्यात सिलिका जेलची एक पुडी असावी. घरी आल्यावर पंख्याची पाती हाताच्या फुग्याने फुंकून साफ करा, नायलॉनचा मोजा धुवा आणि बाजूपट्ट्यांचे स्क्रू एकदा आवळून बघा. शिड्यांच्या धक्क्यांनी त्यातले एकदोन हमखास सैल झालेले असतात.