पाच टप्पे, पंधरा स्तोत्रं: सारिया ते सान्तियागो

स्पेनमधल्या सारिया गावाहून निघालं की सान्तियागो शहरातल्या, येशूचा शिष्य संत याकोब याच्या कबरीपर्यंत साधारण 115 किलोमीटर उरतात. यात्रेचं प्रमाणपत्र, म्हणजे कोम्पोस्तेला, मिळवायला पायी किमान 100 किलोमीटर चालावे लागतात, म्हणून उत्तर स्पेनमधल्या 'कामिनो' या पायी यात्रेच्या वाटेचा हा शेवटचा तुकडा सगळ्यात गजबजलेला. टप्पे पाच पडतात: पोर्तोमारिन 22 किलोमीटर, पालास दे रेई 25, आर्सुआ 29, ओ पेद्रोउसो 19 आणि सान्तियागो 20. इथे दिंडी नाही, पालखी नाही, जो तो आपल्या चालीने जातो. त्यामुळे प्रार्थनेची घडी ज्याची त्याने बसवायची. नाही बसवली, तर दुसऱ्या दिवसापासून डोक्यात दोनच विषय उरतात: पायाचे फोड आणि रात्रीचा पलंग.

आम्ही आरोहण स्तोत्रं घेऊन चालतो. बायबलमधली 120 ते 134, एकूण पंधरा. ती यरुशलेमेला जाणाऱ्या यात्रेकरूंची, असं परंपरा मानते, आणि बहुतेक सगळी इतकी छोटी की उभ्याउभ्या वाचून होतात. पाच टप्प्यांना रोज तीन: एक निघताना, एक मधल्या थांब्यावर, एक पोहोचल्यावर. याहून जास्त घेऊ नये. उत्साहाच्या भरात संपूर्ण शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचत चालायचं ठरवणारे पुष्कळ असतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं पुस्तक पिशवीच्या तळाशी गेलेलं असतं. ओझ्याला लावतो तोच नियम वाचनालाही लावावा. पाठीवरचं वजन शरीराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, तसं वाचन दहा मिनिटांपेक्षा जास्त नको.

पहिल्या दिवशी 120, 121, 122. सारिया गाव संपतं, रेल्वेरूळ ओलांडला की ओकच्या झाडीतून बार्बादेलोकडे एकदम चढ लागतो. अंग तापलेलं नसतं, पट्टे अजून नीट बसलेले नसतात, श्वास तुटतो. डोंगरांकडे डोळे लावणारं 121 वं स्तोत्र खरं तर याच ठिकाणचं, पण ते चढावर म्हणायचा हट्ट धरू नये. चढ संपल्यावर म्हणावं. परमेश्वर तुझा पाय ढळू देणार नाही, हे वचन मात्र दुपारसाठी राखून ठेवावं, कारण पाय ढळतो तो उतारावर: पोर्तोमारिनच्या आधी वाट मिन्यो नदीच्या खोऱ्यात झपकन उतरते. तिथे बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आवळून घ्यावी. नाहीतर पाऊल पुढे सरकतं, बोटं बुटावर आपटतात आणि नखं काळी पडतात.

काठीविषयी शुभवर्तमानांतच दोन पाठ आहेत. मार्क 6:8 मध्ये येशू शिष्यांना काठी घ्यायला परवानगी देतो, लूक 9:3 मध्ये काठीही नको म्हणतो. या उतारावर आम्ही मार्कच्या बाजूचे. दोन अंगरखे नकोत, हे त्याचं पुढचं वाक्यही शक्य तितकं पाळण्यासारखं: एक जोड अंगावर, एक दोरीवर वाळत, तिसरा घरी.

दुसऱ्या सकाळी पोर्तोमारिनहून निघताना 124 आधी म्हणावं, 123 नंतर. क्रम मोडायचं कारण आहे. जुनं पोर्तोमारिन 1960 च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं. चर्च दगडादगडाने उकलून वरच्या टेकडीवर पुन्हा उभारलं, आणि त्या दगडांवरचे आकडे अजून दिसतात. परमेश्वर आपल्या पक्षाचा नसता तर पाण्याने आपल्याला गडप केलं असतं, असं 124 वं स्तोत्र सांगतं. पाणी ओसरून जुन्या भिंती वर आलेल्या असतील, तर पुलावर थांबून ते वाचायला वेगळं भाष्य लागत नाही.

तिसरा टप्पा खरी परीक्षा घेतो. 29 किलोमीटर, आणि मेलिदे गावाच्या पुढे ओढ्यांच्या घळी: उतर, चढ, पुन्हा उतर. या दिवसाची स्तोत्रं 126, 127, 128. आसवं गाळत पेरणारे हर्षाने कापणी करतील, हे 126 वं स्तोत्र 25 जुलैला, संत याकोबाच्या सणाच्या मिस्सामध्येही, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेतही, असतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. त्याच सणाचं शुभवर्तमान मत्तय 20:20-28: याकोब आणि योहान यांची आई आपल्या मुलांसाठी उजवीकडची आणि डावीकडची जागा मागते. आल्बेर्गेमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, हीच मागणी खालच्या पलंगासाठी चालते. सरकारी आल्बेर्गेमध्ये आगाऊ नोंदणी होत नाही, आधी येईल त्याला जागा, म्हणून लोक पहाटे पाचला बॅटरी लावून धावत सुटतात. त्यांच्यासाठी 127 वं स्तोत्र तयारच आहे: पहाटे उठणं आणि रात्री उशिरापर्यंत बसणं व्यर्थ आहे. आमचं मत विचाराल तर या टप्प्यावर खासगी आल्बेर्गेत आदल्या दिवशी फोन करून जागा सांगून ठेवावी आणि उजाडल्यावर निघावं. खालचा पलंग मिळालाच, तर गुडघे दुखणाऱ्याला द्यावा. मत्तयच्या त्या उताऱ्यातलं 'सेवक व्हावे' इथे याहून वेगळं काय असणार.

फोडांचं कारण साधं असतं: उष्णता, ओल आणि घर्षण. चालून चालून पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा ते एक नंबर मोठा हवा आणि मोजे लोकरीचे. सुती मोजा घाम धरून ठेवतो. मधल्या थांब्यावर बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं उघडे ठेवावेत, आणि दुसरं स्तोत्र नेमकं तेव्हाच वाचावं. पाय वाळेपर्यंत वाचन होतं, वाचन होईपर्यंत पाय वाळतात. चालताना कुठे गरम चटका जाणवला तर 'पुढच्या गावात बघू' म्हणू नये, तिथेच बसून पट्टी लावावी. पुढच्या गावापर्यंत तिथे पाणी धरलेलं असतं.

चौथा टप्पा छोटा, स्तोत्रं जड: 129, 130, 131. नांगरणाऱ्यांनी माझ्या पाठीवर नांगर चालवला, असं 129 मध्ये आहे. तोवर पट्ट्यांनी खांद्यांवर खरोखरच तास पाडलेले असतात. 130, 'खोल गर्तेतून मी तुला हाक मारतो', पापनिवेदनाच्या तयारीसाठी ठेवावं. सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये अनेक भाषांत पापनिवेदन करता येतं, पण रांगेत उभं राहून आठवणी गोळा केल्या तर हाती फुटकळ गोष्टीच लागतात. ओ पेद्रोउसोच्या आधीची निलगिरीची झाडी लांबलचक आणि सावलीची आहे, तिथे आत्मपरीक्षण उरकावं.

रोजचं शुभवर्तमान, म्हणजे त्या दिवसाच्या मिस्सात वाचला जाणारा उतारा, आदल्या रात्री वाचावं, सकाळी नाही. ही वाट जिथून जाते तो गालिसिया प्रांत स्पेनच्या पश्चिम टोकाला आहे पण घड्याळ मध्य युरोपाचं, त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य आठच्या सुमारास उगवतो. सकाळी खोलीत अंधार असतो, प्लास्टिकच्या पिशव्यांचा खुळखुळाट असतो. रात्री दहाला दिवे जाण्याआधी उतारा दोनदा वाचून त्यातली एकच ओळ निवडावी. 12 व्या शतकातल्या ग्विगो या कार्थुसियन संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. पैकी मनन पहिल्या तासाला जमतं, प्रार्थना दुसऱ्या-तिसऱ्या तासाला. चिंतन ठरवून होत नाही, त्याची वाट पाहत बसू नये.

जपमाळेचे दहा-दहा मण्यांचे पाच दशक सपाटीवर वीस मिनिटांत होतात, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर. दोन्ही हातांत काठ्या असतील तर माळ लोंबते, अडकते, तुटते. दहा उंचवट्यांची अंगठी सोपी. चढावर 'नमो मरिया'चा पूर्वार्ध एका श्वासात बसत नसेल तर वेग जास्त आहे, असं समजावं.

मिस्साची वेळ प्रत्येक गावात पोहोचल्याबरोबर विचारावी. एकेका फादरकडे अनेक गावं असल्याने पुष्कळ चर्चेस दिवसा कुलूपबंद असतात आणि मिस्सा संध्याकाळीच होते. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, चालणाऱ्यांना ती सोयीची. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेण्याआधी एक तासाचा उपवास असतो. पाणी आणि औषध चालतं, शेवटच्या किलोमीटरला चघळलेलं बिस्कीट चालत नाही. क्रेडेन्सियालवर, म्हणजे यात्रेच्या पासबुकावर, दिवसाला किमान दोन शिक्के लागतात. त्यातला एक चर्चमधलाच घ्यावा. त्या निमित्ताने दार उघडं सापडतं.

लूक 24 मध्ये येशूचे दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊस गावाला जातात, तो रस्ता साठ स्तादिया, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर. ते दोघे शिष्य भाकर मोडताना येशूला ओळखतात आणि त्याच घटकेला उठून यरुशलेमेला परत जातात. जाऊन-येऊन 22, बरोबर सारिया ते पोर्तोमारिन. पोर्तोमारिनला पोहोचून बूट काढल्यावर हा उतारा वाचावा, म्हणजे 'त्याच घटकेला उठून' यातलं बळ पोटऱ्यांना कळतं.

शेवटच्या दिवशी 132 मोन्ते दो गोसो या टेकडीच्या आधी. तिथून कॅथेड्रलचे मनोरे दिसतात, पण अजून पाचेक किलोमीटर शहरी फुटपाथ उरलेला असतो आणि घाईत वाट दाखवणारे बाण चुकतात. कॅथेड्रलमध्ये पाठपिशवी नेऊ देत नाहीत, ती आधी बाहेर सामानघरात ठेवावी लागते. दुपारी बाराच्या मिस्साला तासभर आधी गेलं नाही तर खांबामागे उभं राहावं लागतं. म्हणून आम्ही संध्याकाळी साडेसातची धरतो. रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्यांचं 134 तिला शोभतं. वाचनं स्पॅनिशमधून होतात, मराठीतून आधी वाचून जावं. मोठं धूपपात्र, बोताफुमेइरो, रोज झुलत नाही. सणांच्या ठरावीक दिवशी किंवा कोणी खर्च उचलला तर झुलतं. त्यासाठी मुक्काम वाढवू नये.

घरी परतल्यावर बहुतेकांची घडी आठवड्यात मोडते, कारण ते चार तासांची प्रार्थना अर्ध्या तासात कोंबू पाहतात. आदल्या रात्रीचं वाचन आणि एक ओळ, एवढंच ठेवावं. स्तोत्रं रोज तीन नाही, एक. 132 अठरा ओव्यांचं आहे, ते दोन रात्रींत वाचावं.