करामाझोव वाचन, अपडेट ४ : सहाव्या भागातून बाहेर पडलो एकदाचा

दस्तयेवस्कीची 'करामाझोव बंधू' ही कादंबरी वाचतोय. तीन आठवडे काही लिहिलं नाही कारण पुस्तक जागचं हलतच नव्हतं. काल रात्री सातवा भाग संपला आणि आता राहवत नाहीये.

अडकलो होतो सहाव्या भागात, झोसिमाबाबांच्या, म्हणजे मठातल्या म्हाताऱ्या साधूंच्या प्रवचनांपाशी. पाचव्या भागात इव्हान (मधला करामाझोव भाऊ) देवाच्या जगाला आक्षेप म्हणून लहान पोरांच्या छळाचे एकेक प्रसंग सांगतो, जनरल त्या आठ वर्षांच्या पोरावर शिकारी कुत्रे सोडतो ते वाचून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो हे मागे लिहिलंय. ते इतकं डोक्यात बसलं की पुढे झोसिमा 'प्रत्येकजण सगळ्यांसाठी दोषी' म्हणतात ते मला फार गुळगुळीत वाटायला लागलं. तीनदा वाचलं. अनुवाद बदलून बघितला, गार्नेटबाईंचा १९१२ चा सोडून पेविअर-वोलोखोन्स्कीचा १९९० चा घेतला. (माझं मत : गार्नेट वाचायला सोपा पण सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात, दुसरा खडबडीत आहे पण माणूस ओळखू येतो.) तरी गाडी हलेना.

मग दस्तयेवस्कीचं ऑगस्ट १८७९ चं एक पत्र सापडलं. झोसिमांचा भाग हे इव्हानला दिलेलं उत्तर, आणि ते पुरेल का याची त्यालाही धास्ती होती, आणि तो म्हणतो की उत्तर मुद्द्याला मुद्दा असं नाही, चित्रातून दिलंय. मी तर कोर्टात बसल्यासारखा मुद्देच शोधत होतो!

त्यानंतर सातवा भाग सरळ वाचत गेलो. झोसिमा वारतात आणि त्यांच्या देहाला वास येतो, सगळे चमत्काराची वाट बघत असताना. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले हे ऐकत वाढलेल्या माणसाला अल्योशाची (धाकटा भाऊ, झोसिमांचा शिष्य) अवस्था समजावून सांगावी लागत नाही. तो खचून ग्रुशेंकाकडे (जिच्यामागे त्याचा बाप आणि थोरला भाऊ दोघेही लागलेत) जातो, ती मांडीवर येऊन बसते, पण बाबा गेले हे कळताच क्रूस करून उठते, आणि मग ती सांगते ती एका दुष्ट म्हातारीची, कांद्याची गोष्ट. आयुष्यभरात दिलेला एकच कांदा! रात्री शवपेटीजवळ बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं (येशू पाण्याचा द्राक्षरस करतो ते) वाचन चालू असताना अल्योशाला स्वप्नात बाबा दिसतात, म्हणतात मीही एक कांदा दिला म्हणून इथे आहे. वाचताना डोळे भरून आले.

आणि हो, नावांची चिठ्ठी आता लागत नाही. मित्या म्हणजे थोरला भाऊ द्मित्री, अग्राफेना म्हणजे ग्रुशेंका, आपोआप कळतं.

आज आठवा भाग सुरू करणार होतो, पण हे टाइप करता करता दुसऱ्या भागातली ती बाई आठवली, मुलगा गेलेली. आत्ता पान काढून बघितलं. मुलाचं नाव अलेक्सेई, तीन वर्षांना तीन महिने कमी. दस्तयेवस्कीचा स्वतःचा अल्योशा मे १८७८ मध्ये गेला तो साधारण याच वयाचा, आणि पुढच्याच महिन्यात तो ऑप्टिनाच्या मठात गेला होता. बाबा त्या बाईला आधी मूल स्वर्गात आहे वगैरे सांगतात, त्याने तिचं समाधान होत नाही, मग म्हणतात सांत्वन करून घेऊ नकोस, रड. म्हणजे इव्हानला उत्तर, त्याने ते प्रसंग सांगायच्या तीन भाग आधीच!

आठवा भाग राहू दे. आज रात्री पेन्सिल घेऊन दुसरा भाग पुन्हा पहिल्या पानापासून, आणि या वेळी मोठ्याने, पारायणासारखा.