टीनएजर मुलांना घेऊन इमॅजिका: आमची ट्रिप आणि जाणाऱ्यांसाठी थोडं प्लॅनिंग

आमच्याकडे लेक अकरावीत, मुलगा आठवीत, त्यात भाची दहावीची, आणि सोबत सासूबाई. एवढी वेगवेगळ्या वयाची माणसं एका थीम पार्कात न्यायची तर दिवस कोणाच्या मर्जीने चालणार हे घरीच ठरवून घ्या, असं मी आधीच सांगते. या वयाच्या मुलांना तुमच्या मागे मागे फिरायचं नसतं, पण त्यांना वाऱ्यावर सोडूनही चालत नाही. आम्ही राइड्सचा पूर्ण क्रम मुलांवर सोपवला, आणि आमच्याकडे फक्त तीन गोष्टी ठेवल्या: जेवायची वेळ, भेटायची जागा आणि निघायची वेळ. पार्कचा नकाशा वेबसाइटवर असतो, तो आदल्या आठवड्यात मुलांच्या हातात दिला आणि म्हटलं तुम्हीच ठरवा. लेक आणि भाची त्यावरून भांडल्या, मग त्यांनीच यादी केली, आणि तिथे गेल्यावर "आता काय करू" हा प्रश्न एकदाही आला नाही.

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे, रायगडच्या खालापूर तालुक्यात. मुंबईहून आणि पुण्याहून साधारण दोन तास धरा, पण शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेवर घाटाच्या आसपास जे काही होतं ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे पुणेकरांनी खरंच लवकर निघा. गाडी नसेल तर सेंट्रलची खोपोली लोकल आहे, थेट नाही मिळाली तर कर्जतला बदलायची, आणि स्टेशनवरून पुढे रिक्षा. परतीच्या रिक्षाचं मात्र जातानाच बोलून ठेवा. मुक्काम करायचा तर पार्कला लागूनच नोव्होटेल आहे, ते बजेटमध्ये बसत नसेल तर खोपोली, कर्जत, लोणावळा तिन्हीकडे सोय होते.

पार्क २०१३ ला सुरू झालं, नंतर वॉटर पार्क आणि स्नो पार्क आले. तिन्हींची तिकिटं वेगवेगळी, आणि सुट्टीच्या दिवसाचा दर वेगळा असतो, म्हणून तारीख पक्की झाली की ऑनलाइनच काढा. मधला वार मिळाला तर सोनं, फक्त डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारी शाळांच्या सहली बसच्या बस भरून येतात हे लक्षात ठेवा. त्या दुपारनंतर निघून जातात, मग शेवटच्या दोन तासांत मोठ्या राइड्सच्या रांगा बऱ्याच कमी होतात. एक्सप्रेस पास घ्यावा का? शनिवार-रविवार किंवा दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर मोठ्या मुलांसाठी घ्या, पैसे वसूल होतात. आज्जी-आजोबांसाठी घेऊ नका, ते मोठ्या राइड्सवर बसतच नाहीत. मे महिन्यात दुपारी डांबर तापतं आणि मुलं चिडचिडी होतात. पावसाळ्यात गर्दी कमी आणि डोंगर हिरवेगार, पण जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, आणि ज्या मुलाने महिनाभर नायट्रोची, म्हणजे इथल्या मोठ्या रोलर कोस्टरची, वाट बघितलीये त्याला ते समजावणं सोपं नसतं. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आता नायट्रो. टीनएजर मुलं येतात ती यासाठीच. सुमारे ४० मीटर उंच, वेग ताशी १०५ किलोमीटरपर्यंत, आणि पाच वेळा उलटं करतं. पण आकड्यांपेक्षा बसतानाचा क्षण वेगळाच आहे. खांद्यावरून हार्नेस खाली येतो, तिथले कर्मचारी येऊन प्रत्येकाचा हार्नेस हाताने ओढून बघतात, आणि मग पायाखालचा प्लॅटफॉर्मच खाली जातो, पाय हवेत लोंबकळायला लागतात. आमचा आठवीतला तोपर्यंत अखंड बडबडत होता, प्लॅटफॉर्म गेला तसा एकदम गप्प झाला आणि त्याने ताईचा हात शोधला. ताईनेही धरला, एरवी ती दोघं एका सोफ्यावर बसत नाहीत. खाली उतरल्यावर दोघंही "परत, परत" करत पुन्हा रांगेकडे पळाली.

उंचीचा बोर्ड प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी असतो आणि तिथे अजिबात सूट मिळत नाही, मिळूही नये. तेरा-चौदाची काही मुलं अजून बुटकी असतात, त्यांची उंची घरीच दाराला उभं करून सेंटिमीटरमध्ये मोजा आणि वेबसाइटवरच्या अटींशी ताडून बघा. तिथे रांगेत मित्रांसमोर परत फिरावं लागणं त्या वयात फार लागतं. आणि ज्याला बसायचंच नाही त्याला कोणी चिडवायचं नाही हा नियम गाडीतच करून टाका. भाचीला उंचीची भीती वाटते, तिने नायट्रो आणि उंचावरून एकदम खाली सोडणारं डेअर टू ड्रॉप, दोन्हीला नाही म्हटलं, आम्ही विषय तिथेच संपवला. मग तीच दुपारी आपणहून डीप स्पेस या दुसऱ्या रोलर कोस्टरमध्ये बसली, कारण ते बंदिस्त आणि अंधारात आहे, खाली किती खोल आहे ते दिसतच नाही. सुटतं मात्र एकदम सुसाट, हळूहळू वर चढणं वगैरे काही नाही, थेट गोफणीतल्या दगडासारखं.

क्रम आमच्या मुलांनी असा लावला होता आणि तो मला पटला: गेट उघडताच थेट नायट्रो, मग डीप स्पेस, मग स्क्रीम मशीन. या तिन्ही जेवणाआधी. स्क्रीम मशीन म्हणजे मोठी गोल चकती फिरता फिरता झोके घेते, जेवून त्याच्यावर चढू नका एवढंच सांगते. सकाळचा नाश्ता पण हलका, इडली-पोहे बास, आणि पर्समध्ये आवळासुपारी ठेवा. दुपारचं ऊन एसीत काढायचं: आय फॉर इंडियात खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून मोठ्या पडद्यावर सगळ्या देशावरून उडाल्यासारखं वाटतं, सासूबाईंना तेच सगळ्यात आवडलं. अलीबाबामध्ये हातात बंदूक देतात आणि स्कोअर येतो, त्यामुळे बाप-लेकाची तिथे जुंपली. सलीमगढ भुताटकीचं आहे, चालत जायचं असतं, घाबरट मुलांना जबरदस्तीने नेऊ नका.

राजासॉरसची बोट शेवटी ठेवा, कारण वरून खाली येताना पाणी अंगावर येतं. तिथे उभं असताना मुलांना एक गोष्ट जरूर सांगा, राजासॉरस हे नाव पार्कवाल्यांनी मनाने ठेवलेलं नाही. हा खरा डायनासोर आहे, मांसाहारी, त्याची हाडं गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रहियोलीला सापडली आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव दिलं गेलं. आमच्या मुलाने रांगेत उभ्या उभ्या फोनवर सगळं वाचून काढलं.

बारीकसारीक पण महत्त्वाचं: बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा डबे करत बसू नका, खाण्याचं बजेट वेगळं ठेवा. मोठ्या मुलांना भूक केव्हाही लागते, म्हणून आम्ही तिघांना ठरावीक पैसे देऊन टाकले, काय खायचं ते त्यांनी बघावं. चप्पल नको, घट्ट बूट हवेत. चष्मा आणि फोन राइडवर न बसणाऱ्याकडे द्या किंवा लॉकरमध्ये ठेवा. पॉवर बँक न्या, पण फोन बंद पडला तर कुठे भेटायचं हे तोंडी पाठ करून घ्या, एकच जागा आणि एकच वेळ. आम्ही दीडला जेवायला भेटायचं ठरवलं होतं आणि तिघंही वेळेवर आली.

वॉटर पार्क करायचं असेल तर त्याला दुसरा दिवस द्या, एकाच दिवसात दोन्ही करायला गेलं की धड एकही होत नाही. कॉटनचे कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचे पोहायचे कपडे घरूनच न्या. आणि मुली बरोबर असतील तर तारीख ठरवताना त्यांच्या पाळीचा अंदाज घ्या, सरळ विचारा, लाजायचं काही कारण नाही. पैसे भरल्यावर काठावर बसून राहायला कोणत्याच मुलीला आवडत नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी वॉटर पार्कऐवजी पालीला गेलो, कारण बल्लाळेश्वर त्याच रस्त्याला पुढे तासाभरावर आहे आणि सासूबाईंची तीच अट होती. आधी देवळामागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं. देवळातली ती युरोपियन घंटा मुलांना नक्की दाखवा, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेली आहे. वर सरसगड आहे, कातळात खोदलेल्या उंच उंच पायऱ्यांचा, ज्या मुलांना आदल्या दिवशी नायट्रो पुरलं नाही त्यांना पहाटे वर पाठवा, अर्थात कोणी मोठं माणूस सोबत हवंच, आणि पावसाळ्यात नाही, दगड निसरडे असतात.

मुंबईला परतणाऱ्यांना खोपोलीला उलटं यायची गरज नाही, वाकणला गोवा हायवे लागतो, तिथून पेणमार्गे जाता येतं. जेवण पालीतच उरका, देवळाजवळ घरगुती खानावळी आहेत. दर्शनाला जाण्याआधी सांगून ठेवलं तर येईपर्यंत गरम उकडीचे मोदक तयार मिळतात, मुलं जास्त असतील तर आकडा वाढवूनच सांगा.