रातराणीचा ड्रायव्हर आणि हफीतचा घाट

रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं. दुबईत ऊद मेथामधल्या आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मी स्टार्टचं बटण दाबलं. समोरचा पडदा उजळला, आकडे आले, बाकी सगळं शांत. शेजारच्या सीटवर बसलेल्या मामांनी जरा वाट पाहिली आणि म्हणाले, "सेल मारंना व्हय रं? बॅटरी बसली काय?"

"मामा, गाडी चालू झालीय."

"चालू? मग इंजिन कुठाय?"

"इंजिन अजून झोपलंय. आत्ता मोटरवर निघायचंय."

मामा काही बोलले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान किंचित तिरकी करून ते कान देऊन बसले. आमचे मामा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यातली निम्मीअधिक वर्षं कुंभार्ली घाटातून रातराणी चालवण्यात गेली. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या मागच्या बाकावर बसून कराडहून चिपळूणला जायचो, तेव्हा ते म्हणायचे, "रातीचं डोळ्यानं गाडी चालत न्हाई. दिव्याच्या उजेडात दिसतो तेवढाच रस्ता. बाकीचा कानानं बघायचा." ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणूनच मामा-मामी जानेवारीत आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ठरवलं की ही गाडी एका रात्रीपुरती भाड्याने घ्यायची आणि शेजारी मामांनाच बसवायचं.

गाडी होती मॅकलारेन आर्टुरा. इंग्लंडमधल्या वोकिंगची. तीन लिटरचं सहा सिलिंडरांचं व्ही-सिक्स इंजिन, दोन टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून त्यात जास्त हवा कोंबणारे पंखे), आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसवलेली एक चपटी इलेक्ट्रिक मोटर. तिचं वजन जेमतेम १५ किलो, आपल्या घरातल्या भरल्या गॅस सिलिंडरच्या निम्मं, पण ताकद ९५ अश्वशक्तीची. इंजिनाची ५८५. दोन्ही मिळून ६८०. सीटच्या मागे, खाली, ७.४ किलोवॉट-तासांची बॅटरी. हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्हींवर चालणारी सुपरकार ही कल्पना आता जुनी झाली. २०१३ मध्ये मॅकलारेन पी-वन, पोर्शे ९१८ आणि फेरारीची लाफेरारी आली तेव्हाच जगाने ती पाहिली. पण त्या मोजक्याच निघाल्या. आर्टुरा रोज वापरता यावी म्हणून बनवलेली गाडी आहे, आणि ही गाडी सुरू होते तीच बिनआवाजाची. माझ्या मते तिच्या सगळ्या आकड्यांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. पहाटे एक वाजता सुपरकार बाहेर काढताना शेजारच्या फ्लॅटमधलं तान्हं बाळ जागं होत नाही.

इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. त्यामुळे मामा उजवीकडच्या सीटवर, म्हणजे आयुष्यभर ज्या बाजूला बसले त्याच बाजूला. फक्त समोर चाक नाही. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. पार्किंगच्या चढावर गाडीचं नाक घासू नये म्हणून ते उचलायचं एक बटण असतं, ते दाबून मी वर आलो, आणि पाहतो तर मामांचा उजवा पाय पायपुसणीवर हलकेच दाबलेला. ॲक्सिलरेटर.

रस्त्यावर आलो. उपाहारगृहं बंद झालेली, एक-दोन डिलिव्हरीवाली पोरं मोटारसायकल कडेला लावून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. त्यांच्या शेजारून गेलो तरी एकानेही मान वर केली नाही. एवढी रुंद, बसकी, वर उघडणाऱ्या दारांची गाडी, आणि जाताना ऐकू येतं काय, तर टायरखालची बारीक वाळू. मामा म्हणाले, "टायरचा आवाज इतका कधी ऐकला न्हवता." थोड्या वेळाने, "उजव्या मागल्या टायरात खडा अडकलाय बघ." मला काहीच ऐकू येत नव्हतं. सिग्नलला काच खाली केली, गाडी पुढे हलवली, आणि खरंच, टिक, टिक, टिक.

दुबई-अल ऐन रस्त्याला लागलो. हा ई-६६. नुसत्या मोटरवर ही गाडी ताशी १३० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तीसेक किलोमीटर. आमची पूर्ण भरलेली नव्हती. आउटलेट मॉल मागे पडल्यावर मी मोड बदलला. डॅशबोर्डवर आकड्यांचा जो पडदा असतो त्याच्या दोन्ही कडांना मोडचे खटके आहेत. स्टिअरिंगवरचा हात न सोडता बोट पोचतं. स्टिअरिंगवर एकही बटण नाही, आणि ते मला मनापासून आवडलं.

इंजिन जागं झालं ते डरकाळी फोडत नाही. आधी पाठीच्या मणक्याला एक बारीकशी थरथर जाणवली, जशी एसटी उभी असताना खिडकीच्या काचेला असते. मग मागून एक जाड, कोरडा सूर आला आणि स्थिर झाला. मामांनी पहिल्यांदाच सीटला पाठ टेकली. "हां," म्हणाले, "आता हाय कुणीतरी गाडीत."

फका गावाच्या पुढे वाळूचे डोंगर रस्त्याच्या दिव्यांत केशरी दिसतात आणि दिव्यांच्या पलीकडे एकदम काळोख. त्या सरळ पट्ट्यात, मर्यादेच्या आत राहूनच, मी ताशी साठवरून एकदा जोरात पाय दाबला. टर्बोच्या गाडीला दम घ्यायला क्षणभर लागतो. धूर जमून पंखा फिरेपर्यंत ती नुसतीच आवाज करते. घाटात भरलेली बस वळणानंतर कशी मरगळते ते मामांना नेमकं माहीत. इथे तो क्षण मोटर भरून काढते. पाय दाबला की आधी मोटर ढकलते, आणि तिचा जोर ओसरायच्या आत टर्बोंनी दम धरलेला असतो. दोन्हींमधला सांधा मी शोधत होतो. सापडला नाही. मामा म्हणाले, "वळणाच्या आधी गिअर कमी करून इंजिन तापतं ठेवायचो आम्ही, दम जाऊ नये म्हणून. ह्या गाडीत ते काम त्या मोटरला लावलंय. बरोबर हाय का?" अगदी बरोबर. कंपनीच्या माहितीपत्रकात यावर अख्खं पान आहे, आणि त्यात याहून जास्त काही नाही.

दुबईची हद्द संपते तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दुबईत फलकावरच्या वेगाच्या वर २० किलोमीटरची सूट असते. अबुधाबी अमिरातीत २०१८ पासून ती सूट काढून टाकलीय. फलकावर जो आकडा, तीच मर्यादा. अबुधाबीच्या हद्दीतल्या अल हायर गावाच्या अलीकडे मी पाय सैल केला. अशा गाडीत हे अवघड जातं असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. गिअरबॉक्स आठव्यात, इंजिन जेमतेम गुणगुणतंय, आणि बाहेर वाळवंट.

अल ऐन शहर रात्री दोनला झाडांचं आणि दिव्यांचं असतं, आणि ते संपता संपता जेबेल हफीत दिसतो. म्हणजे डोंगर दिसत नाही. काळ्या आभाळात नुसती पिवळ्या दिव्यांची ओळ वेडीवाकडी वर चढत गेलेली दिसते, जणू कुणी डोंगराला दोरीने बांधून ठेवलाय. मामा पुढे वाकून काचेतून वर बघत राहिले. "हा घाट?"

"हाच. पावणेबारा किलोमीटर, ६० वळणं."

"आन् दिवे? समद्या घाटाला?"

समद्या घाटाला. १९८० साली बांधलेला हा रस्ता, तळापासून सुमारे ७०० मीटर चढतो. चढायला दोन लेन, उतरायला एक. डोंगराच्या पायथ्याशी पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी थडग्यांचे घुमट आहेत आणि तो सगळा परिसर २०११ पासून जागतिक वारशात आहे. ते दिवसा पाहायचं. रात्री इथे यायचं ते रस्त्यासाठी.

मी स्पोर्ट मोड लावला, गिअर हाताने बदलायचे ठरवले. तिसरा, चौथा, परत तिसरा. डावीकडे चुनखडीचा कापलेला कडा आला की इंजिनाचा आवाज त्याच्यावर आपटून खिडकीतून परत यायचा, आणि कडा संपून दरी आली की एकदम नाहीसा व्हायचा. डोळे मिटले तरी कळावं, कडा कुठे आणि दरी कुठे. मामांनी खरोखरच डोळे मिटले होते. वळण येण्याआधीच त्यांचा पाय पायपुसणीवर दाबला जायचा.

या गाडीचं स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक आहे. बहुतेक सगळ्यांनी ते सोडून विजेचं घेतलं. याचा फरक घाटात कळतो: डांबराचा जुना जोड, दुरुस्तीचा ठिगळासारखा तुकडा, कडेला उडून आलेली वाळू, सगळं तळहाताला समजतं. एका वळणावर दिव्याचा झोत सरळ दरीत गेला आणि रस्ता डाव्या बाजूच्या काचेतून दिसत होता. त्या अर्ध्या क्षणात मी हातांवरच विसंबलो होतो.

वर मोठं पार्किंग आहे. चार-पाच स्थानिक मुलं जमिनीवर सतरंजी टाकून, थर्मासमधला चहा घेत बसली होती. गाडी मागे घेऊन लावताना इंजिन बंद पडलं आणि गाडी मुकाट्याने मागे सरकली. मामा दचकले. या गाडीला रिव्हर्स गिअरच नाही. मागे जायचं असेल तर मोटर उलटी फिरते. गिअरबॉक्समध्ये पुढे जायचे आठ गिअर, आणि मागे जायचा एकही नाही. मामांना हे इतकं पटलं की खाली उतरल्यावर त्यांनी मला ते परत एकदा सांगायला लावलं.

इंजिनाच्या वर, मागच्या भागात, जाळीचं एक धुराडं आहे. दोन्ही टर्बो इंजिनातल्या सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या खोलगट भागात बसवलेत, त्यांची उष्णता तिथून सरळ वर जाते. थंडी चांगलीच होती. मामांनी आधी एक हात, मग दोन्ही हात त्या जाळीवर धरले, शेकोटीवर धरतात तसे. गरम हवेत पलीकडचे दिवे थरथरत होते. खाली अल ऐन, आणि त्याला लागूनच ओमानचं बुरैमी. "कुंभार्लीतनं पोफळीचं पावरहाऊस असंच दिसायचं," मामा म्हणाले. "ते दिसलं की वाटायचं, आता चिपळूण आलं. चहा मिळंल."

उतरताना मात्र माझी चूक झाली. रमतगमत जाऊ म्हणून मी गाडी कम्फर्टवर ठेवली. त्या मोडमध्ये वेग ताशी चाळीसच्या खाली आला की इंजिन आपोआप बंद होतं आणि गाडी मोटरवर चालते. शहरात ती सोय आहे. इथे दुसऱ्याच तीव्र वळणावर वेग कमी झाला, मागचा सूर तुटला, आणि मामांचा हात माझ्या दंडावर आला.

"न्यूट्रल टाकलीस?"

आवाज त्यांचा चढला नव्हता. पण लहानपणीही त्यांचा तो स्वर मी एकदाच ऐकला होता, क्लीनरच्या पोराने उतारावर उभ्या ट्रकच्या चाकामागचा दगड काढला होता तेव्हा. घाट उतरताना न्यूट्रल म्हणजे मामांच्या लेखी पाप. डिझेल वाचवायला तसं करणारे त्यांनी पाहिले होते आणि त्यातल्या एकाची बस त्यांनी दरीतही पाहिली होती.

"न्यूट्रल नाही मामा. इंजिन थांबलंय, ब्रेक चालू आहेत."

"इंजिन थांबलंय म्हंजे गाडीला धरणारं कोण? उतारावर ही मोटर बॅटरी भरत आसंल तर निदान ती तरी धरंल."

प्रश्न नेमका होता. पुष्कळ हायब्रिड गाड्या तसंच करतात: पाय उचलला की मोटर जनित्र होते, बॅटरी भरते आणि गाडी आवरली जाते. आर्टुरात मुद्दाम तसं केलेलं नाही. ब्रेकच्या पेडलखालची जाणीव शुद्ध राहावी म्हणून. तिची बॅटरी इंजिनच भरतं. म्हणजे त्या क्षणी एवढ्या मोठ्या उतारावर गाडीला फक्त माझा उजवा पाय धरून होता. ब्रेक उत्तम आहेत, कार्बन-सिरॅमिक, काही झालं नसतं. तरीही मामा बरोबर होते. मी स्पोर्टचा खटका दाबला, स्टिअरिंगमागचा, गिअर कमी करायचा डावीकडचा पॅडल ओढला, इंजिन जागं झालं आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडीने स्वतःला मागे खेचून धरलं.

"ज्या गिअरनं चढलास," मामा म्हणाले.

"त्याच गिअरनं उतरायचं."

त्यानंतर पायथ्यापर्यंत आम्ही बोललो नाही. पाय उचलला की मागून फटफट आवाज यायचा, कडा तो परत द्यायचा, आणि दिवे एकेक करून डोक्यावरून जायचे.

खाली मुबज्जराच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ गाडी थांबवली. दार वर उचलून मामा बाहेर आले, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि तळहात चाकाच्या आऱ्यांसमोर धरला, न लावता, चार बोटं लांब. मग मागच्या चाकाशी. मग पलीकडे जाऊन दोन्ही. चिपळूण स्टँडवर पहाटे गाडी लागली की प्रवासी उतरेपर्यंत ते हेच करायचे. शेवटच्या चाकाशी त्यांनी नाक पुढे नेऊन वास घेतला.

"तापल्यात. पण जळका वास न्हाई," म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

परतीच्या वाटेवर मी इंजिनाला बॅटरी भरू दिली. ऊद मेथात शिरताना अजान व्हायला थोडा वेळ होता. इंजिन बंद करून मोटरवर आलो. आमच्या गल्लीत वळताना उजव्या मागच्या टायरातला तो खडा अजून वाजत होता. आता तो मलाही ऐकू येत होता.