साक्ष कुणाची

गुरुवार, रात्री

थोरल्या वन्सं आज कोरेगावहून आल्या होत्या. लेकीचं लग्न नोंदणी पद्धतीनं होणार, अंतरपाट नाही, होम नाही, कन्यादान नाही, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. जेवणं झाली, ओटा आवरला आणि मग त्यांनी विचारलं, "वहिनी, भटजी नाही, अग्नी नाही, देव तर तुम्ही मानतच नाही. मग साक्ष कुणाची? उद्या पोरानं शब्द फिरवला तर बोलायचं कुणाशी?"

नास्तिक म्हटलं की लोक बरंच काही विचारतात आणि बहुतेकांना उत्तर नकोच असतं. वन्संना हवं होतं. भाचीच्या काळजीनं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, कायद्याला तीन साक्षीदार लागतात, त्यातल्या एक तुम्हीच व्हा. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "माणसाच्या साक्षीचं काय धरून बसायचं?" त्या गेल्यापासून मनातून हे जाईना, म्हणून लिहायला बसले.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात विधी हवा तो करा, असं आहे. पण एक वाक्य दोघांनाही म्हणावंच लागतं, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांच्या समोर, एकमेकांकडे बघून: मी अमुक, तुला तमुकला, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. दोघांना कळेल अशा कुठल्याही भाषेत म्हटलं तरी चालतं, पण ते म्हटल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. माझ्या लग्नात मी एक शब्दही बोलले नव्हते. सगळं माझ्या वतीनं दुसरेच बोलत होते, तेही मला न समजणाऱ्या संस्कृतात. लेक स्वतःच्या तोंडानं बोलणार आहे, याचा मला फार आनंद आहे.

हे इथवर यायलाही वेळ लागला. १८७२ च्या पहिल्या कायद्यात लग्न करणाऱ्यांना लिहून द्यावं लागे की आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठलाच धर्म मानत नाही. १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ती अट गेली आणि १९५४ च्या कायद्यानं तर सगळ्यांसाठीच काढून टाकली. माझ्यासारखीला ती जुनी अट आवडावी, असं कुणाला वाटेल. मला ती अन्यायाचीच वाटते. सांगलीकडच्या जैन घरातला मुलगा आहे, त्याच्या आईवडिलांचं जेवण दिवस मावळायच्या आत होतं. त्या पोरानं माझ्या लेकीसाठी आपल्या आईचा धर्म नाकारून दाखवायचा? आणि लेक तरी कुठे माझ्या बाजूची आहे! ती म्हणते, "आई, देव आहे की नाही हे मला अजून ठरवायचंय." ठरव बाई सावकाश.

एक गोष्ट मात्र सलते. लग्नाआधी ३० दिवस नोटीस द्यायची आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावायची. आमच्या घरात दोन्हीकडची संमती आहे, आम्हाला तो एक कागद. पण घरच्यांच्या धाकानं पळालेल्या पोरांना ते ३० दिवस कसे जात असतील? गावातल्या हॉलमध्ये वाजतगाजत लग्न करणाऱ्याला कुणी महिनाभर आधी फळ्यावर लावत नाही.

भटजीशिवाय लग्न आपल्याकडे नवीन नाही, हे वन्संना सांगायचं राहिलं. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव आपल्याच खटाव तालुक्यातलं कटगुण. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरात निघाला आणि डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलंसुद्धा. त्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत नवरी हक्क मागते आणि नवरा ते द्यायचं वचन देतो. फुले नास्तिक नव्हते, निर्मिकाला मानत. मधला दलाल त्यांना नको होता. माझं आजोळ कुंडलचं. आजीचं लग्न पत्री सरकारच्या काळातलं, गांधी विवाह: दोन हार, हुंडा नाही, जेवणावळ नाही. तीच आजी पुढे आयुष्यभर देवपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे. तिच्या लग्नाला काही कमी पडलं, असं तिला कधी वाटलं नाही.

आता आमचं दोघांचं. ह्यांच्या गळ्यात माळ आहे. देव मानत नाही, हे मी लग्न ठरतानाच सांगितलं होतं आणि ते म्हणाले होते, "मला मानायला लावू नका म्हणजे झालं, आणि मीही लावणार नाही." घरात मटण शिजत नाही, मी ते माहेरी खाते. एकादशीचं त्यांचं ते करून घेतात. आषाढात माउलींच्या पालखीबरोबर ते लोणंद ते फलटण चालतात, तेव्हा त्यांची पिशवी मी भरते आणि लोणंदपर्यंत सोडायलाही जाते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघताना माझे डोळे भरून येतात, आणि त्यासाठी मला विठ्ठल लागत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा माहुलीच्या संगमावर ह्यांनी दहावा केला. मी तिथे हात जोडून उभी होते, सासूबाईंसाठी. पिंडाला कावळा शिवतो की नाही, ते मी बघितलं नाही.

"देव नाही तर चांगलं वागायचं कशाला?" या प्रश्नाला माझं उत्तर बरीच वर्षं एकच होतं. ह्यांचं काही चुकलं तर पांडुरंगापुढे डोकं टेकून मोकळं होता येतं. मला तशी जागा नाही. मी ज्याला दुखावलं, त्याच्याच दारात जाऊन माफी मागावी लागते, आणि तो माणूस गेला की ती कायमची राहून जाते. म्हणून मला जास्त जपून वागावं लागतं. हे एकदा ह्यांना बोलून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "वारीत आम्ही एकमेकांच्याच पाया पडतो. समोरच्याला माउली म्हणायचं आणि त्याला फसवायचं, याला विठोबा माफ करतो असं तुम्हाला कुणी सांगितलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यांच्या श्रद्धेत सूट आहे, हे मीच गृहीत धरलं होतं. तरी मला वाटतं की वचन पाळायला वरून कुणी बघायची गरज नसते. समोरचा आपल्यावर विसंबून आहे, एवढं पुरतं.

गोपाळ गणेश आगरकर इथल्याच टेंभूचे. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांच्या पत्नी यशोदाबाई सश्रद्ध होत्या, तरी संसार झाला. आणि आमच्या साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर. देवधर्माच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला विरोध, देव मानण्याला नाही, हे ते जन्मभर सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ती बातमी आली त्या दिवशी हे हरिपाठाला बसले नाहीत. माझ्याजवळ येऊन बसले. नीती आस्तिकाकडे की नास्तिकाकडे, हा वाद तेव्हापासून मला पोकळ वाटतो.

राहता राहिलं कन्यादान. लेकीनं बाबांना स्पष्ट सांगितलं, "मी कुणाला द्यायची वस्तू नाही." ह्यांच्या जिवाला ते लागलं. त्यांच्या लेखी कन्यादानात लेकीला वस्तू मानणं नाही; बापानं आयुष्यात एकदाच करायचं सगळ्यात मोठं पुण्य आहे ते. मी लेकीच्या बाजूची आहे आणि राहणार. पण ह्यांचं दुःख खरं आहे, ते अडाणीपणाचं नाही, हे मी तिला सांगितलं. सह्या झाल्या की संध्याकाळी घरी त्यांच्या दिंडीतल्या माणसांचं भजन ठेवायचं, एवढंच त्यांनी मागितलं. लेक लगेच हो म्हणाली. व्याह्यांकडच्यांची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची, म्हणजे भजन सातला लावता येईल. कन्यादान नको, हे ह्यांना अजून पटलेलं नाही, आणि पटवून घ्यायला मीही त्यांच्यामागे लागणार नाही.