११५ चा सप्लाय, २३० चं घर

‘भावानं अमेरिकेहून जुना बेंच पॉवर सप्लाय आणलाय, ११५ व्होल्टचा. आपल्याकडं चालेल का?’ महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. बेंच पॉवर सप्लाय म्हणजे सर्किटवर काम करताना त्याला हवं ते डीसी व्होल्टेज देणारा टेबलावरचा डबा.

बहुतेक वेळा चालतो. जुन्या लिनिअर, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या सप्लायमध्ये त्या ट्रान्सफॉर्मरवर बहुधा ११५ ची दोन सारखी प्रायमरी वाइंडिंग (प्लगकडून वीज घेणारी तारेची वेटोळी) असतात. तिकडं ती पॅरललमध्ये, म्हणजे दोन्ही थेट ११५ वर असतात, आपण सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक घ्यायची. कुठं त्यासाठी मागं स्विच असतो, कुठं आत बोर्डावर लिंक, म्हणजे जोडतार. त्याआधी मागची पट्टी वाचा. ‘५०–६० हर्ट्झ’ असेल तर उत्तम. नुसतं ६० असेल तर हात लावू नका. ५० वर कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो आणि काही लोड नसतानाही ट्रान्सफॉर्मर गुणगुणत तापत राहतो.

वाइंडिंगच्या टोकांवर खुणा नसतील तर अंदाज चालत नाही. दोन्ही वाइंडिंग सुटी करा, छोट्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी एकीला द्या, तिचं एक टोक दुसरीच्या एका टोकाला जोडा आणि उरलेल्या दोन टोकांवर मीटर धरा. २४ च्या आसपास दिसलं की जोड बरोबर. शून्याजवळ दिसलं तर दुसरीची टोकं उलटी करा. ती तशीच २३० वर लावलीत तर सरळ शॉर्ट.

लिंक बदलली की लोक झाकण लावतात, आणि मला काळजी तिथंच वाटते. पॉवर तीच, व्होल्टेज दुप्पट, म्हणजे करंट निम्मा. ४ अँपिअरचा फ्यूज असेल तर आता २ चा हवा, स्लो-ब्लो, म्हणजे सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा. जुना ठेवलात तर तो वेळेवर उडणार नाही. इनपुटवरची गोल निळी चकती, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की ते स्वतःवर घेणारा व्हॅरिस्टर, तीही बघा. माझ्या पहिल्या सप्लायमध्ये ती १३० व्होल्टची होती आणि मी ती बघितलीच नाही. प्लग लावताक्षणी फाडकन फुटली, झाकणाला आतून काजळी धरली. आता मी तिथं २७५ ची घालतो. पंखा थेट इनपुटवर असेल तर तो एका प्रायमरीवर घ्या, त्याला त्याचे ११५ मिळतात.

आणि वायर. अमेरिकन कॉर्डमध्ये काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल! सवयीनं थ्री-पिन प्लग भरलात की फ्यूज न्यूट्रलमध्ये जातो. मग फ्यूज उडाला तरी आत फेज जिवंत राहतो, आणि तुम्ही बिनधास्त हात घालता. मीटरनं कंटिन्युटी, म्हणजे कुठली तार कुठं पोचते ते बघूनच प्लग भरा. अर्थ पिनपासून बॉडीपर्यंतही तपासा.

पहिल्यांदा सुरू करताना सिरीजमध्ये शंभर वॉटचा साधा, तारेचा बल्ब ठेवा (एलईडी नव्हे). क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर लगेच प्लग काढा.

सगळं जमलं की जुन्या पट्टीवर ‘२३० व्होल्ट, २ अँपिअर’ असा कागद चिकटवा. हा सप्लाय उद्या दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाईल.